भात्यावरचं ठिगळ

दादा, धारूरकडच्या त्या जुन्या चर्चमधला ऑर्गन दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. अंबाजोगाईत वाजवायच्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस म्हणून बोलावलं. तुमचा मुलगा म्हणून ओळखणारं तिथे आता कुणी उरलेलं नाही. समोरच्या सोनेरी नळ्या अजून दिमाखात उभ्या आहेत. त्या नुसत्या शोभेच्या, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, "म्होरचे समदे मुके हायेत. गानारे मागं बसलेत." मागे खरंच लाकडाच्या जाड चौकोनी नळ्या आहेत, कथलाच्या बारीक, काही तर माझ्या करंगळीएवढ्या. त्यांच्याखाली तो भलामोठा भाता.

त्या भात्याचा दांडा दर रविवारी तुम्ही हलवायचात. मेंढरं आईच्या हवाली करून, मुंडासं नीट बांधून जायचात. भिंतीवर दोरीला शिशाचा गोळा लोंबतो. हवा भरली की तो खाली येतो, संपत आली की वर चढतो. तुमची नजर गोळ्यावर, वाजवणाऱ्या बाईंची वहीवर. साहेबाच्या देवानं धनगराला कामाला लावलं, असं वस्तीवर लोक चिडवायचे. तुम्ही नुसतं हसायचात.

एका नाताळाच्या तोंडावर भाता फाटला आणि बाई डोक्याला हात लावून बसल्या. तुम्ही म्हणालात, "कावून घाबरता बाई? कातड्याचं काम हाय, म्हंजी आमचंच हाय." मेंढीच्या कातड्याचं ठिगळ लावलंत आणि मोटेला चोळावं तसं त्याला करडईचं तेल चोळलंत. नाताळ झोकात झाला. पंधरा दिवसांत उंदरांनी ठिगळ फस्त केलं. "अहो, हा भाता आहे, विहिरीवरची मोट नाही," बाई कडाडल्या. तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. मग बाभळीच्या सालीत कमावलेलं दुसरं कातडं तुम्ही कोरडंच लावलंत आणि म्हणालात, "आता खा म्हनावं."

ते ठिगळ परवा माझ्यासमोर आलं. एक कड सुटलेली, बाकी शाबूत. भात्याचं सगळं कातडं बदलायचं ठरलं होतं, या जागेचा नवा तुकडाही कापून तयार होता. चाकू लावला, पण काढवेना. बाकीचं कातडं बदललं, याची सुटलेली कड तेवढी चिकटवली. आज उपासनेत हवा कमी पडली असती, तर माझी इतक्या वर्षांची अब्रू गावासमोर गेली असती. म्हणून दांडा मीच धरला. कॉलेजात शिकणारी एक मुलगी वाजवत होती. गोळ्यावरून नजर हलवली नाही मी. शेवटच्या गीतापर्यंत हवा पुरली दादा, आणि मला फार बरं वाटलं.

हा कागद मी हत्यारांच्या पेटीतच ठेवणार आहे. पाळकसाहेबांच्या हाती लागला तर पंचाईत. गाणं थांबल्यावर भात्यातून बारीक सूं ऐकू येत होतं आणि त्यांनी विचारलं, "ही हवा कुठून जाते?" मी म्हणालो, "जुन्या ऑर्गनला एवढं असतंच, साहेब." असं काही नसतं. तो नवा तुकडा लावला तर अर्ध्या तासात बंद होईल ते.