भेगांच्या खालची माती

वडनेर, ९ मे १९६५
सकाळी नऊलाच पाय भाजले. बाबांचा तोच सवाल, "मातीचं मोजता काय तुम्ही?" पुन्हा सांगितलं. समुद्रकाठच्या मातीत मूळचा किरणोत्सर्ग किती, अन् अणुबाँबच्या चाचण्यांची धूळ पडून वरून किती चढला, ते प्रयोगशाळेत बघतो. तुलनेला दूरची माती हवी, म्हणून दिवाळीत आपल्याच दोन वावरांमधल्या धुऱ्यावरची नेली. नांगर न लागलेली. धूळ वरच्या दोन बोटांत राहते, तेवढीच खरवडली. बाँबचं जवळपास काहीच निघालं नाही. माझा पहिला अहवाल! प्रयोगशाळेतल्या सरांनी पाठ थोपटली, आता छापायला जाणार.
माय खूश. "आपलं गाव साफ आहे म्हना."

११ मे
सहज धुऱ्यावर गेलो. दिवाळीत तिथं गवत होतं, आता नुसत्या भेगा. कोपरापर्यंत हात गेला. विंचवाच्या भीतीनं काढला. बाबा हसले.
"नांगर नाही लागला म्हन्तं, पन हे जमीन सोताच सोताले नांगरते, लेका. उन्हायात वरची माती भेगीत पडते, पान्यानं भेग बुजते. दरसाल."
दोन बोटांचा हिशेब किनाऱ्याच्या वाळूचा, तिला भेगा कुठल्या? इथं धूळ पडून खाली गेली असेल तर? अन् मी शहाणा, दोन बोटं खरवडून 'नाही' लिहून मोकळा.

१२ मे
दिवसभर खोदलं. तीन पिशव्या: वरची, वीतभर खालची, हातभर खालची. हातभर खाली वाळल्या गवताची काडी सापडली. ती तिथं उगवली नक्कीच नव्हती. नाचावंसं वाटलं.
माय भाकर थापता थापता थांबली. "मंग गाव साफ नाही?"
"माहीत नाही माय."
"माहीत नव्हतं त लिवलं काऊन?"
पिशव्यांवर खोली लिहीत बसलो.

१४ मे, मलकापूर स्टेशन
सरांना तार केली. अहवाल थांबवा, नमुना चुकला, माती आणतो.
बाबा पिशव्या घेऊन सोबत आले. "नोकरी जाईन का रे?"
"नाही. बोलणी बसतील."
"मीच उगा बोललो."
बरं केलं बोललात, म्हटलं. त्यांना पटलं नाही.
गाडीला उशीर आहे. मायसाठी वाटतं, खाली काही निघू नये. मला मात्र, लिहायलाही लाज वाटते, निघावं असं वाटतंय.