शेठसाठी प्रार्थना

शुक्रवार, ७ जून
बातमी पक्की झाली! गुंतवणूक कंपनीवाल्या शेठचं पितळ आता उघडं पडणार. नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना व्याज — बाकी सगळी हवा! शेठ आमच्याच प्रार्थनामंडळातले. निम्म्या मंडळाचे पैसे त्यांच्याकडे. आईचेसुद्धा.
संपादक म्हणाला, "सोमवारी त्याची बाजू विचारून घे, मंगळवारी छापू. तोवर चकार शब्द नाही. घरीही नाही!"
आईला सांगायचं नाही. धंद्याचा नियम.

रविवार, ९ जून
ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याच्यासाठी आधी प्रार्थना — माझा जुना नेम. ("आधी मलम, मग फटका," इति बायको.) पण ती मनातल्या मनात!
आज मंडळात मोठ्याने बोलायची पाळी माझी. डोळे मिटले, आणि तोंडून निघालं, "देवा, आमच्या शेठना येत्या मंगळवारी बळ दे!"
बायकोचं कोपर बरगडीत बसलं तेव्हा भानावर आलो. शेठ गावाला गेलेत म्हणून बरं. बाकी सगळे टक लावून माझ्याकडे! मी अर्थविषयक बातमीदार आहे हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सोमवार, १० जून
कंपनीच्या दारात ही रांग! मंडळातले निवृत्त मास्तर सगळ्यांत पुढे. मला म्हणाले, "मंगळवारची वाट कशाला बघायची?"
शेठ धावत परतलेले. बाजू विचारली, तर कडाडले, "ती तुम्ही कालच देवाला सांगितलीत ना!"
दुपारी शटर पडलं. रांगेतले मागचे तसेच राहिले.
संपादकाला खरं ते सांगून टाकलं. आधी पोट धरून हसला. मग शांतपणे म्हणाला, "बातमीवर तुझं नाव नसेल. नोकरीचं नंतर बघू." चुकलं काय त्याचं?

मंगळवार, ११ जून
पहिलं पान. नाव नाही.
मंडळातल्या काकूंचा फोन — "देवच बोलला रे तुझ्या तोंडून!" म्हटलं, देवाला कशाला गोवता? जीभ माझी घसरली.
आई मात्र फोन उचलत नाही. पैसे सुटल्याच्या आनंदात बाजारात हिंडत असेल!

बुधवार, १२ जून
आईने पैसे काढलेच नाहीत.
"अगं, माझ्या शेजारीच तर बसली होतीस!"
"हो ना. तू त्याच्यासाठी इतकं मनापासून मागितलंस. मला वाटलं, आता तो सावरेल."