अब्बांच्या लेन्सची रिंग

सहम, ओमान
१४ नोव्हेंबर २०१४, शुक्रवार

साबेराआपांस शकीलाचा सलाम.

आम्ही इथे खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. इथली हवा एकदाची निवली, आता पंख्यावर भागतं.

मजीदभाई उद्या रत्नागिरीला निघतायत. त्यांच्या हाती, तुम्ही दुरुस्तीला पाठवलेली अब्बांची लेन्स परत पाठवते आहे. पुढची काच धरून ठेवणारी रिंग सुटली, आतली बुरशी पुसली, आता काच लख्ख आहे. अब्बांच्या कॅमेऱ्याला लावा आणि खिडकीतून माड बघा. रमजानपासून तुम्ही फोनवर ओरडत होतात, "यूनुसला बापाच्या वस्तूसाठी वेळ नाही का?" तुमचे लाडके भाऊ शेजारीच बसलेले असायचे, म्हणून मी म्हणायचे, दुकानात दुरुस्तीचं काम फार आहे. खोटं होतं ते. आज हे जुम्म्याच्या नमाजाला गेलेत, तेवढ्यात खरं लिहून घेते.

इथे लग्नात बायकांच्या हॉलमध्ये फोटो काढणाऱ्याही बायकाच असतात, हे मी तुम्हाला सांगितलंच होतं. कॅमेऱ्यात नवरीचे फोटो असतात, म्हणून तो पुरुषाच्या हातात द्यायला त्या तयार नसतात. त्यासाठीच तर मी दुकानात बसायला लागले. कॅमेरा मी घ्यायचा, फोटोंचं कार्ड काढून त्यांना परत द्यायचं आणि मग लेन्स ह्यांच्या टेबलावर ठेवायची.

रमजानच्या थोडं आधी शम्सा नावाची फोटोग्राफर दुरुस्त केलेली लेन्स परत घेऊन आली. पुढची रिंग तिरकी बसली होती, आटे एकमेकांवर चढले होते. "ये किसने बिठाया?" तिने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मैंने. अभी सीख रही हूँ, गलती हो गयी." ती बिचारी हसून "मा फी मुश्किला", काही हरकत नाही, म्हणाली. पण आपा, मी ह्यांच्याकडे बघत होते. एवढीशी चूक झाली तरी गिऱ्हाइकापुढे स्वतः उभा राहणारा माणूस, खाली मान घालून टेबल पुसत राहिला. फार वाईट वाटलं मला. रागही आला.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहिते आहे मी. ह्यांचा उजवा हात कापतो, आपा.

आधी चहाच्या कपात दिसलं, मग कामात. रिंग बसवताना ती सपाट टेकावी लागते. हात हलला की एक बाजू वर राहते, आणि त्यावर जोर लावला की आटे बिघडतात. हल्ली ह्यांनी बसवलेली रिंग, हे नमाजाला गेले की मी उघडून पुन्हा बसवते. आपल्याच दुकानात चोरासारखी. डॉक्टरचं नाव काढलं की खलास, अबोला सुरू. "एसीची थंडी लागते हाताला," म्हणतात. एसी कधीचा बंद आहे.

अब्बांची लेन्स ह्यांनी रोज्यांतच उघडली होती. बंद करताना रिंग तिरकी चढली आणि अडकून बसली. ह्यांनी ती रुमालात गुंडाळून खणात टाकली, आणि तो खण उघडणंच सोडलं. गेल्या रविवारी मी ती बाहेर काढली. म्हटलं, "तुम्ही सांगा, मी करते."

"माझ्या बापाची आहे ती!" असे ओरडले की शेजारचा शिंपी डोकावून गेला. मग दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मीही हट्टाला पेटले. कडेला स्पिरिटचे थेंब सोडले, मुरू दिले, आणि रबरी चपलेचा गोल तुकडा रिंगवर धरून फिरवायला गेले. हलेल तर शपथ. मागून आवाज आला, "आवळू नकोस. आवळलीस तर ती चेपते नि जास्तच धरते. वरून नुसता दाब दे."

रिंग सुटली. काच पुसून झाली, बिघडलेले आटे मी सुईने साफ केले. परत बसवायची वेळ आली तेव्हा हे स्टूल ओढून माझ्याजवळ बसले आणि डोळे मिटले.

"आधी उलटी फिरव. हळू. टक् होईल तिथे थांब."

मला काही ऐकू येईना.

"झालं," हे म्हणाले. "आता सुलटी."

रिंग कुठेही न अडता शेवटपर्यंत गेली. मी खूश होऊन वर बघितलं, तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. "आपाला सांग, यूनुसने केली," म्हणाले. मी हो म्हटलं.

आपा, आईच्या पाठी तुम्ही ह्यांना वाढवलंत. माझं ऐकत नाहीत, पण तुमचा शब्द ह्यांनी कधी खाली पडू दिलेला नाही. लेन्स पोचली की फोन करा. हाताचं एक अक्षर काढू नका. म्हणा, मला गुडघे दाखवायला मुंबईला जायचंय, सोबतीला कोणी नाही, तू ये. स्वतःसाठी हे यायचे नाहीत, तुमच्यासाठी धावत येतील. ह्यांच्याबरोबर मीही येईन. एकदा डॉक्टरच्या दारापर्यंत आणा, पुढचं मी बघते. मला फार भीती वाटते आहे.

आणि "शाब्बास यूनुस" म्हणायला विसरू नका. ते काही खोटं होणार नाही.

लेन्सच्या डब्यावर तुमचं नाव ह्यांनी स्वतः लिहिलंय. मी लिहायला घेतलं तर पेन हिसकावून घेतलं. आमच्या दुकानाची पाटी ह्यांनीच रंगवलेली, तिचा फोटो तुम्ही घरी लावला आहे. डबा उघडण्याआधी दोन्ही अक्षरं शेजारी धरून बघा, आणि मग फोन करा.

तुमच्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुमची भावजय
शकीला