उजव्या चाकाचा नट

अहो,

बापूंनी जीप नेली. तांड्यावरून निरोप आला की तुमच्या बहिणीला, निताला, कळा सुरू झाल्या, तिला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं हाये. मी जीपच्या समोर उभी राहून बापूंना सांगितलं, "मामा, चाकांचे नवे हब बसवायचं काम अर्धंच झालंय. उजव्या चाकाचा मोठा नट नुसता हातानं लावलाय. त्याला घट्ट धरून ठेवणारा लॉकनट आणायलाच हे वाशिमला गेलेत."

ते म्हणले, "चारी चाकं तर जागेवर दिसून राहिली. नवऱ्यानं शिकवलं आसंल तुला, बापाला जीप देऊ नको म्हणून."

दिवाळीपासून तुमी दोघं बोलत न्हाई, त्याच्यामुळं त्यांना माझं खरं वाटलं न्हाई. जीप फाटकातून निघाली तवाच ते चाक लटपटून राहिलं होतं.

नाक्यावरच्या एसटीडीवरून तांड्याखालच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणला, निताला मागं झोपवून ते आत्ताच निघाले. पुढं तो मोठा उतार हाये.

मी विश्वंभर भाऊजींच्या मोटारसायकलवर तांड्याच्या वाटेनं जाऊन राहिले. लेकरू शेजारच्या पार्वतीबाईंकडं हाये, जेवलंय. तुमी आल्याबरोबर जॅक अन् पाना घेऊन हिंगोलीच्या रस्त्याला लागा. जीप दिसली की लांबूनच बापूंना हाक मारा. जुनं काही मनात आणू नका, फक्त हाक मारा. मी आडवी उभी राहिले तरी ते थांबले न्हाईत. तुमच्या आवाजाला थांबतील.

सुमित्रा