देविकाचे कापलेले गुण

फरीदाबाद, ३ ऑगस्ट २००३

तीर्थस्वरूप ताईस,
भालचंद्राचा साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. तुझ्या गुडघ्याचे काय ते कळव.

परवा आमच्या मराठी मंडळाच्या वक्तृत्वस्पर्धेत मी परीक्षक होतो. शेजारच्या राजीवची देविका भाषणात म्हणाली, की ज्यांच्या नावाचे दिल्लीत रुग्णालय आहे ते मराठा सरदार हिंदूराव ग्वाल्हेरहून दिल्लीला आले. मी आधार विचारला.

"आजोबा, बाबांच्या मोबाइलवर इंटरनेट आलंय ना, त्यात वाचलं. दाखवू?"

"मग पुढच्या वर्षी मोबाइललाच परीक्षक नेमू. बस खाली."

सारे सभागृह हसले. मी तिचे गुण कापले.

घरी येऊन माझ्याकडचे इतिहासाचे पुस्तक उघडले. तेच विधान तिथे होते, आणि त्याखालची पेन्सिलीची रेघ माझ्याच हातची होती. विधान न तपासता, केवळ ते कुठून आले यावरून मी ते फेटाळले. तर्कातला हा दोष टाळावा कसा, हे मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले!

काल तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. "चलता है, आजोबा," म्हणत तिने मलाच सरबत दिले.

परंतु अपमान सभेत झाला आणि क्षमा दिवाणखान्यात. गणेशोत्सवात व्यासपीठावरून बोलायचे ठरवले आहे. मंडळाच्या चिटणिसांना मात्र अजून कळवलेले नाही.

तुझा धाकटा,
भालू