ताईचा होकार

ता. ३ जून

चि. खुडबुड्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

दुखणं पुन्हा उलटल्याचं तुझ्या बायकोने कळवलं. तुझी डावी किडनी काढल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. कुणाला न विचारता मी रक्त तपासून घेतलं. आपला गट एकच आहे. माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन टाक. लहानपणी नाक दाबून तुला औषध पाजलंय, तेव्हा नखरे चालायचे नाहीत. घड्याळांच्या दुकानाला महिनाभर कुलूप लाव. मीही शिवणाची कामं आटपते आहे.

तुझीच,
ताई

ता. ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं. आधी हसलो, मग गिऱ्हाइकासमोर रडलो. ताई, तुझी किडनी माझ्या कामाची नाही गं. उरलेली एक झकास चालतेय. कॅन्सर तिथून निघून फुफ्फुसांत आणि हाडांत गेलाय. नवी बसवून तो हटणार नाही.

तुला सगळं सांगितलं नव्हतं. प्रतिकारशक्ती जागी करणारी सलाइनं झाली, गाठी वाढतच राहिल्या. मग गोळ्या. त्यांनी तळहात इतके सोलवटले की चिमटा धरवेना. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला, हात बरे झाले, गाठी मात्र थांबल्या नाहीत. आता त्या म्हणतात, एक वेगळी गोळी आहे. काही महिने मिळतील, कदाचित नाहीही, आणि अंगातलं त्राण जाईल. नाहीतर कॅन्सरवरची औषधं थांबवून दुखणं आणि धाप तेवढी आटोक्यात ठेवायची. तेही उपचारच आहेत म्हणाल्या.

मला थांबायचंय. रोज दोन तास दुकानात बसायचंय. बायको कबूल आहे, पण तुझ्या होकाराशिवाय मला डॉक्टरीणबाईंना सांगवत नाही. मरणाची भीती वाटते, तुझ्या रागाची जास्त वाटते. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
खुडबुड्या

ता. १६ जून

चि. खुडबुड्यास आशीर्वाद.

इतकी चिडले की चांगला शिवलेला झगा उसवून टाकला. मग तुझ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून भांडले. त्यांनी तू लिहिलंस तेच सांगितलं. मी म्हटलं, तुमचा भाऊ असता तर काय केलं असतं? त्या म्हणाल्या, त्यालाच विचारलं असतं. मला ते सुचलंच नव्हतं.

हो म्हणते. मनापासून नाही, पण हो. सोमवारी येते. तुझ्याशेजारी एक स्टूल ठेव. उपदेश करायला लागले तर खुशाल हाकलून दे.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. लिहायला बसायचे आणि उठायचे. ते चार दिवस तुझ्या उरलेल्या दिवसांतले गेले रे. तेवढं माफ कर.

तुझी,
ताई