हातोडीवरचा मोजा

माननीय न्यायाधीश महोदय,

उद्याची सुनावणी थोडे दिवस पुढे ढकलावी, ही विनंती. त्याचं कारण लिहायला बसलेय.

घड्याळजींनी आमचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, पण घरी त्याचे ठोके काही पडेनात, म्हणून मी दावा लावला. "अहो, माझ्या दुकानात वाजत होतं," असं ते कळवळून सांगत होते. मी त्यांना चारचौघांत लबाड म्हणाले.

उद्या कोर्टात आणायला म्हणून आज घड्याळ उतरवलं, मागचं झाकण काढलं, तर ठोके देणाऱ्या हातोडीवर लोकरीचा मोजा चढवलेला. गेल्या वर्षी वारलेल्या माझ्या आईचा.

मी मागे वळून पाहिलं. बाबा दारातच उभे होते. म्हणाले, "ठोके पडले की ती जेवायला हाक मारायची. आता नुसतेच ठोके पडले असते. राहू दे गं थोडे दिवस."

दावा मी मागे घेईन, घड्याळजींचे पायही धरीन. पण तेव्हा सगळं खरं सांगावं लागेल, आणि आत्ता बाबांकडे बघवत नाही.

हा अर्ज मी देणार नाही. उद्याच्या अर्जात तब्येतीचं कारण असेल. घड्याळ परत भिंतीवर टांगलंय. मोजा जरा सैल झाला होता, तो नीट ओढून बसवला.

आपली,
कालपर्यंत तावातावाने भांडणारी वादी